डॉक्टरांनी काळजी करू नये

नाना, तुमचं कार्ड आलंय.

गेल्या शनिवारी दुपारच्या टपालात आलं. तुम्ही गुरुवारी सकाळी गेलात, म्हणजे तिसऱ्या दिवशी. पोस्टमनने नेहमीसारखा गठ्ठा केसपेपरच्या खिडकीतून आत सरकवला, तुमच्या खुर्चीवर आता बसतो त्या नव्या कारकुनाने तो माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि मी एकेक कार्ड उलटत गेले. सगळ्या कार्डांच्या कोपऱ्यात तुमच्याच अक्षरात केसपेपरचा नंबर. ते मला अपेक्षितच होतं. तुम्ही महिन्याभरात वाटलेली कार्डं अजून काही दिवस अशीच येत राहणार, हे मी मनाला बजावून ठेवलं होतं. पण एका कार्डावर नंबर नव्हता. नंबराच्या जागी कोरं होतं आणि खाली पाठवणाऱ्याचं नाव होतं. तुमचं.

आज शुक्रवार. सहा दिवस झाले, ते कार्ड माझ्या टेबलावर पत्त्याची बाजू वर करून पडलंय. मी ते अजून उलटलेलं नाही. वर पेपरवेट ठेवलाय, वारा नसतानाही.

शोकसभेसाठी मला तुमच्यावर दोन पानं लिहून मागितली आहेत. जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, स्वभाव कसा. ती पानं ऑफिसातलं दुसरं कोणीही लिहील. मला तुमच्याशी भांडायचंय, आणि ते शोकसभेत करता येत नाही.

मी धुळ्याला या दवाखान्यात रुजू झाले तेव्हा कार्डांचं तुमचं खूळ नवीन होतं. कॅज्युअल्टीत आलेला माणूस, ज्याला आम्ही तपासून, औषध देऊन घरी पाठवतो, त्याच्या हातात दवाखान्याचा पत्ता छापलेलं एक पोस्टकार्ड द्यायचं आणि सांगायचं, आठ दिवसांत तब्येत कळवा. आणि मधेच दुखलं तर कळवत बसू नका, मिळेल त्या एस.टी.ने परत या. केसपेपर लिहिणारा कारकून डॉक्टरांच्या वर हे नसतं खटलं लावून बसलाय, असं आमचं सगळ्यांचं मत होतं. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? मी तर तुम्हाला तोंडावर चित्रगुप्त म्हणाले होते. तुम्ही शाई टिपत म्हणालात, "चित्रगुप्त गेल्यावर सांगतो, ताई. मी आधी सांगतो."

मग वर बघून म्हणालात, "माणूस फाटकाबाहेर गेला की बरा झाला, असं तुम्ही लोक धरून चालता. मला या खिडकीतून फाटक दिसतं. पुढचं मलाही दिसत नाही. म्हणून विचारतो."

मला त्या काळात तुमची थोडी भीतीच वाटायची, हे आता सांगते. तुम्ही कार्डं वाचत नव्हतात. टपाल आलं की प्रत्येक कार्ड हात लांब करून धरायचात, अंगठा मजकुरावर ठेवून फक्त वरची कड पाहायचात आणि दोन गठ्ठे करायचात. मोठा गठ्ठा उजवीकडे, लहान डावीकडे. डावीकडची कार्डं पालथी. एकदा मी त्यातलं एक उचलून वाचलं, तर त्यात आम्ही सर्व मजेत आहोत असं लिहिलेलं. हे इकडे कशाला, म्हणून विचारलं तर ताकास तूर लागू दिली नाहीत. "राहू द्या तिथेच," एवढंच.

मग सुमनचं कार्ड आलं.

सुमन शिंदखेड्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली, सतरा-अठरा वर्षांची मुलगी. आईवडिलांनी तिला सकाळी पहिल्या गाडीने आणलं होतं. पोटात दुखतंय, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय, डोळ्यांवर झोप. मी पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. रात्री काय खाल्लं, हे विचारलं. गोळ्या दिल्या. तिचे डोळे मिटत होते, तर मी तिच्या आईला म्हणाले, झोप झालेली नाही पोरीची, घरी नेऊन झोपवा. हे वाक्य मी अगदी प्रेमाने म्हणाले होते, नाना. तेच जास्त छळतं.

दहा दिवसांनी कार्ड आलं. 'आम्ही सर्व सुखरूप आहोत. डॉक्टरांनी काळजी करू नये.' शाळामास्तराचं वळणदार अक्षर. मी खूश होऊन ते तुम्हाला दाखवायला आले, कधी नव्हे ती. तुम्ही अंगठा ठेवून वरची कड पाहिलीत आणि कार्ड डावीकडे पालथं घातलंत.

"वाचा तरी," मी म्हणाले.

"वाचलं," तुम्ही म्हणालात. आणि मग खिडकीपाशी कुणी नसताना हळूच, तुमच्या घरच्या बोलीत, "बठ्ठा सुखरूप शेतस, मंग पोर कोठे शे?"

मी कार्ड परत उचललं. खरंच, त्यात मुलीचा उल्लेख नव्हता. आणि मग तुम्ही बोटाने कार्डाचा वरचा भाग दाखवलात. तिथे श्री नव्हता.

मी जळगावच्या घरात वाढलेली. माझे वडील किराण्याची यादीसुद्धा वर श्री घातल्याशिवाय लिहीत नसत. फक्त एकाच प्रकारच्या कागदावर आपल्याकडे श्री घालत नाहीत. तो कागद वाचतात, फाडतात आणि घरात ठेवत नाहीत. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण तो कागद दवाखान्याच्या पत्त्यावर येऊ शकतो, आणि त्यात सर्व सुखरूप असं लिहिलेलं असू शकतं, हे माझ्या डोक्यात कुठून येणार?

पुढच्या रविवारी आपण दोघं त्या गावाला गेलो. भर दुपार होती, कपाशीला फुलं होती आणि गल्लीत कुत्रंही नव्हतं. आपण येणार हे कुणालाच कळवलं नव्हतं, तरी त्या घराच्या ओट्यावर दोन पाट मांडलेले होते. सुमनचे वडील दारातच उभे होते. म्हणाले, "या मॅडम. आम्हाले वाटनंच व्हतं, कोणी तरी येई."

त्यांनी पाणी दिलं, चहा दिला. पावसाचं बोलले, विहिरीचं बोलले. आत भिंतीशी जमिनीवर एक अंथरूण तसंच पसरलेलं होतं आणि घरातली माणसं त्याला वळसा घालून चालत होती. तिची आई एकदा आतून म्हणालीसुद्धा, "सुमनले चहा आवडस." आवडायचा, असं नाही. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मान खाली घालून चहा पीत होतात, जणू ती आतच कुठेतरी आहे.

शेवटी तुम्हीच विचारलंत, कधी. आणि ते सांगू लागले. त्याच दिवशी सांजेला. श्वास थांबत थांबत गेला. मग अंथरूण उचललं, तर खाली मण्यार होती. मण्यार चावते तेव्हा ना सूज येते ना धड खूण दिसते, हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पोटदुखी, जड घसा, मिटणाऱ्या पापण्या. मी ती झोप समजले.

"मग कार्डात तसं का नाही लिहिलंत?" मी विचारलं. माझा आवाज चिडका होता, तुम्ही नंतर म्हणालात.

"वाईट कागद दवाखानामा कसा धाडवा, मॅडम?" ते म्हणाले. "तठे दुसरा बी आजारी लोके शेतस. मास्तरले सांगं, खोटं लिखू नका, खरं बी लिखू नका."

माझ्यावर एका शब्दाने रागावले नाहीत. परतीच्या गाडीत मी रडले, आणि तुम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलात. धुळं जवळ आल्यावर म्हणालात, "डावीकडे चाळीसेक कार्डं आहेत, ताई. मी एकटा वाचतोय."

तिथून शनिवारचं वाचन सुरू झालं. दर शनिवारी दुपारी कॅज्युअल्टीच्या मागच्या खोलीत सगळे डॉक्टर बसायचे आणि आठवड्याची कार्डं वाचली जायची. डावीकडची नीट चौकशी करून. नियम तुमचा एकच. ज्याने घरी पाठवलं, त्याने स्वतःच्या तोंडाने वाचायचं. आणि कार्ड फाडायचं नाही, केसपेपरला टाचून ठेवायचं.

या नियमावरून आपलं वर्षानुवर्षं वाजलं. माझं म्हणणं, नाव कशाला? कार्ड कुणीही वाचावं, चूक सगळ्यांनी शिकावी, माणसाला चारचौघांत उघडं कशाला पाडायचं? उद्या लोक भिऊन साध्या खोकल्यालाही भरती करून घेतील. तुमचं म्हणणं, दुसऱ्याने वाचलेलं कानावर पडतं, आपण वाचलेलं घशात अडकतं. मोठ्या डॉक्टरांनी एकदा स्वतःचं कार्ड वाचलं, चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले, आणि त्यानंतर तुमच्या नियमाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. माझं म्हणणं मात्र मी सोडलं नव्हतं. आपला वाद संपलेला नाही, नाना. तुम्ही मधूनच उठून गेलात.

शनिवारची ती खोली मला कधी आवडली नाही. एका टेबलावर जिवंत माणसांची आणि गेलेल्यांची कार्डं शेजारी शेजारी, सगळी सुखरूप. पण त्या खोलीने काय दिलं, हेही लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई नेहमी उणंच सांगते. पावसाळ्यात पोटदुखीचा माणूस आला की आम्ही सगळे विचारू लागलो, रात्री झोपला कुठे, जमिनीवर की खाटेवर? कॅज्युअल्टीच्या दाराच्या आतल्या बाजूला तुम्ही पाटी लावून घेतलीत: 'घरी पाठवण्याआधी पुन्हा एकदा चेहरा पाहा.' चाळीसगावकडचा तो वीटभट्टीवरचा माणूस पोट धरून आला, तेव्हा मी पाटी पाहिली, मग त्याच्या पापण्या पाहिल्या, आणि त्याला ठेवून घेतलं. तासाभरात त्याचा श्वास गेला. त्याच्या चार भावांनी आळीपाळीने दोन दिवस हाताने फुगा दाबून त्याला श्वास दिला. तो चालत घरी गेला. त्याच्या कार्डावर श्री एवढा मोठा होता की मजकुराला जागाच उरली नव्हती. तुम्ही ते कार्ड खिडकीच्या काचेला आतून चिकटवलंत. अजून आहे तिथे.

आता त्या मंगळवारचं.

सकाळची वेळ, बाकांवर गर्दी. तुम्ही खिडकी सोडून आत आलात, हेच नवल होतं. छातीच्या खाली, पोटाच्या वर हात ठेवून म्हणालात, "ताई, जरा जळजळतंय." मी विचारलं, रात्री काय खाल्लं? तुम्ही म्हणालात, भरीत आणि कळण्याची भाकरी, भावाच्या मळ्यातली वांगी. मी हसले. नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, पोट दाबून पाहिलं. मऊ होतं. तुम्हाला थोडा घाम होता, पण धुळ्यात त्या दिवसांत घाम कुणाला नसतो? तुम्ही खुर्चीवरून उठता उठता म्हणालात, "छातीची पट्टी काढायची का?"

कार्डिओग्रामचं मशीन तीन हातांवर होतं. त्याच्या खाटेवर एक म्हातारबा झोपले होते, त्यांना उठवावं लागलं असतं.

मी म्हणाले, "भरीत तुम्ही हाणायचं आणि पट्टी मी काढायची? जा, औषध घ्या, आज तिखट बंद." आणि तुमच्याच गठ्ठ्यातलं एक कार्ड काढून तुमच्या हातात दिलं. "घ्या. रिवाज म्हणजे रिवाज. आठ दिवसांत कळवा." बाकावरची माणसंही हसली. तुम्ही नाही हसलात. कार्डाकडे पाहिलंत, दुमडू नये म्हणून वहीत घालून खिशात ठेवलंत आणि पाटीखालून बाहेर गेलात. मी पाटीकडे पाहिलं नाही. ओळखीच्या माणसाचा चेहरा आपण पाहतच नाही, तो आठवणीतूनच दिसतो.

बोलाफुलाला गाठ पडली. बुधवारी तुम्ही कामावर आला नाहीत, आणि गुरुवारी सकाळी ओट्यावर दात घासताना गेलात.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गावभरच्या माणसांचे केसपेपर काढणारा माणूस, आणि मंगळवारी तुमचाच केसपेपर काढलेला नव्हता. तुम्ही तपासून घ्यायला आला होतात, हे बाकावरच्या पाचसहा खेडुतांखेरीज कुणालाही माहीत नाही, आणि ते आपापल्या गावी गेले. कार्डावर नंबर नाही. म्हणजे मी हे कार्ड वाचून फाडलं, तर ते रूढीला धरूनच होईल. असा कागद घरात ठेवायचा नसतोच. कुणी मला काही विचारणार नाही.

परवा बुधवारी तुमच्या घरी काकूंना भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला सांगितलं, "कागद लिखाले बसनात, तं मी म्हणं, कोणले लिखतस? तं म्हणेत, ताईले. सांजले स्वतः उठीसन पेटीमा टाकी उनात." मी विचारलं, काही म्हणाले का? नाही म्हणाल्या. फक्त लिहायला घेण्याआधी पेन उचलून पुष्कळ वेळ थांबले होते.

तेव्हापासून त्या थांबण्याचंच मनात घोळतंय. कार्डात काय लिहिलंय, त्याची मला भीती नाही. वरच्या कडेला काय आहे, तेवढंच पाहायचंय. श्री असेल, तर तुम्हाला बरं वाटत होतं, भरीतच होतं ते, पुढचं कुणालाच दिसलं नसतं, मलाही नाही. आणि नसेल, तर जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्हाला कळलं होतं. मग तुम्ही पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत गेलात आणि दवाखान्यापर्यंत आला नाहीत. जगाला सांगायचात, परत या. माझ्याकडे परत यायची तुम्हाला लाज वाटली का? मी हसले होते म्हणून? याचं उत्तर मला तुमच्याकडून हवंय आणि ते मिळणार नाही.

उद्या तुमचा दहावा आहे, आणि उद्या शनिवार आहे.

*

शनिवार, संध्याकाळ.

सकाळी पांझरेच्या घाटावर गेले होते. मला वाटलं होतं कावळा अडेल, माझ्यासाठी तरी अडेल. पिंड ठेवला आणि तो लगेच शिवला. काकू म्हणाल्या, काही इच्छा राहिली नव्हती त्यांची.

दवाखान्यात येऊन आधी तुमच्या खिडकीत गेले. नव्या कारकुनाला बाजूला बसवलं आणि स्वतः केसपेपर काढला. तुमचं नाव, वय, पत्ता. तक्रार: पोटाच्या वर जळजळ, घाम. कार्डिओग्राम: काढला नाही. रुग्णाने स्वतः विचारले होते. निर्णय: घरी पाठवले. खाली माझी सही, मंगळवारची तारीख, आणि शेजारी आजची, म्हणजे कुणाची फसवणूक नको. नंबर पडला. तो मी तुमच्या कार्डाच्या कोऱ्या कोपऱ्यात लिहिला. माझं अक्षर तिथे फार परकं दिसलं.

वाचनाला सगळे होते. मोठे डॉक्टर होते, आणि महिन्यापूर्वी पुण्याकडून आलेले ते तरुण डॉक्टर होते, ज्यांना तुम्ही दोनदा चुकून बाळ म्हणाला होतात. मी आधी केसपेपर वाचला. त्या खोलीतली तुमची खुर्ची त्यांनी हलवलेली नव्हती, भिंतीशी तशीच होती, आणि वाचताना मी दोनदा तिच्याकडे पाहिलं.

मग कार्ड उलटलं, आणि स्वतःच्या तोंडाने वाचलं.

'आम्ही सर्व सुखरूप आहोत. डॉक्टरांनी काळजी करू नये.'

एवढंच होतं, नाना. शब्द न शब्द तेच. तुमचं म्हणणं खरं होतं, ते घशात अडकतं. आपल्या वादातलं एवढं मी तुम्हाला देते.

तरुण डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. चांगला मुलगा आहे. मला सावरायला म्हणून म्हणाले, "मॅडम, म्हणजे लिहिताना त्यांना बरंच वाटत होतं. तुम्ही तरी काय करणार होतात?"

त्या वाक्याला हो म्हणायला मला काही जड गेलं नसतं.

मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. "वर पाहा," म्हणाले.

त्यांनी पाहिलं, उजेडाकडे धरून पाहिलं. "वर काहीच नाही, मॅडम."

"हो," मी म्हणाले, आणि टाचणी मागितली.